नव्या हॉटेलात पहिल्यांदा गेल्यावर तुम्ही काय मागवता? (बेळगाव आणि परिसर)

शहापूरकर

नमस्कार. सेवानिवृत्तीनंतर मी एक नेम धरला आहे. दर रविवारी सकाळी घरातून चालत निघायचे, आजवर ज्या हॉटेलात कधी बसलो नाही अशा एखाद्या गल्लीतल्या हॉटेलात जायचे, नाश्ता करायचा आणि घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहून ठेवायच्या. माझा जन्म शहापुरातला, पण नोकरीला जाता-येता सगळी वर्षे एकाच ठिकाणी चहा घेतला. शेजारच्या गल्लीत काय शिजते हे मला कधी कळले नाही, याची आता मनापासून खंत वाटते. शहापूर आणि खासबाग पूर्ण झाले आहे, वडगाव निम्मे झाले आहे. अनगोळ, टिळकवाडी, कॅम्प आणि गणपत गल्ली, रामदेव गल्ली हा शहराचा जुना भाग बाकी आहे.

आता प्रश्न असा की, या वयात एका बैठकीला एक पदार्थ आणि एक चहा यापेक्षा जास्त खाणे होत नाही. मग नव्या जागी पहिल्यांदा कोणता पदार्थ मागवला असता त्या स्वयंपाकघराची खरी ओळख होते? माझे उत्तर उप्पीट असे आहे. डोशावर लोणी घालता येते, मिसळीवर तर्री ओतता येते, पण उप्पीट बिघडले तर ते झाकायला काहीच नसते. रवा कच्चा राहिला की जिभेला कळतो, फोडणीतली उडदाची डाळ करपली की नाकाला कळते आणि पाण्याचा अंदाज चुकला तर चमच्यालाच कळते.

एक विनंती आहे. हॉटेलांची नावे लिहू नयेत, गल्ली किंवा पेठ सांगितली तरी पुरे. कारण पुढे कोणी विचारले तर सांगेन.

हिंडलगा नाका

उप्पिटाबद्दल सहमत नाही. तुम्ही म्हणता ती परीक्षा सकाळी सातला खरी आहे. साडेनऊला तेच उप्पीट पातेल्याच्या तळाशी घट्ट होऊन बसलेले असते आणि त्यावर गरम पाण्याचा हबका मारून ते वाढले जाते. मग आपण आचाऱ्याची परीक्षा घेत नसून घड्याळाची घेत असतो. मी चहा मागवतो, कारण तो तरी समोर होतो.

पाण्याचा पेला

पेल्याला वास येतो का ते आधी पाहावे, पदार्थाचे नंतर ठरवावे.

कॅम्पातील शेजारीण

माझ्या दृष्टीने परीक्षा चटणीची असते, आणि तीही दुसऱ्यांदा वाढलेल्या चटणीची. पहिली वाटी सगळीकडे बरीच असते. आपण आणखी मागितल्यावर जी येते ती तेवढीच दाट असेल, तर मालकाचा हात मोकळा आहे असे समजावे. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात फार वेळ टिकत नाही, म्हणून काही ठिकाणी त्यात फुटाण्याची डाळ आणि पाणी वाढत जाते. फुटाण्याची डाळ घालणे हा दोष नव्हे, कारण आमच्या घरीही घालतात. पण सकाळी पांढरी असलेली चटणी दहा वाजता पिवळसर झाली, तर नारळ संपला आहे आणि तो पुन्हा खवलेला नाही हे उघड आहे.

मात्र त्याच्याही आधी मी दुसरेच काही पाहते, आणि या धाग्यात ते कोणी लिहील असे वाटत नाही म्हणून लिहिते. एकटी बाई आत आली तर तिला कुठे बसवतात? आमच्या लहानपणी हॉटेलात पडदा लावलेल्या फळ्यांच्या खोल्या असत आणि वर 'फॅमिली रूम' असे लिहिलेले असे. आत दिवा मिणमिणता, पंखा बंद आणि मागच्या गिऱ्हाइकाने सांडलेले सांबार तसेच. मला त्या खोलीत बसणे कधीच आवडले नाही, पण बाहेरच्या बाकावर बसले की सगळ्या माना वळत. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, तरीही गेल्या महिन्यात शहराच्या जुन्या भागात एका ठिकाणी मला 'आत बसा की' असे तीनदा सांगण्यात आले. मी बाहेरच बसले. डोसा उत्तम होता, पण मी तिथे पुन्हा जाणार नाही.

शहापूरकर

हा मुद्दा माझ्या वहीत नव्हता, आणि तो असायला हवा होता. मी एकटा पुरुष जातो, कुठेही बसतो, मला कोणी काही विचारत नाही, म्हणून माझ्या ते लक्षातच आले नाही. पुढच्या रविवारपासून मी 'बायका कुठे बसल्या आहेत' ही ओळ वहीत वाढवतो.

निपाणीचा वाटसरू

आमच्याकडे नव्या हॉटेलात उप्पीट मागवणारा माणूस आजारी आहे असे समजतील. निपाणीत मिसळ मागवावी लागते. मटकी बोटाने चेपली जाते की नाही, कट नुसता तेलाचा आहे की त्यात वाटण आहे, आणि दुसऱ्यांदा कट मागितल्यावर वाढणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते का, एवढ्या तीन गोष्टींत सारे कळते.

पुणे-बंगळुरू महामार्गावरून नोकरीनिमित्त वर्षानुवर्षे ये-जा केल्यावर माझे असे मत झाले आहे की, कोगनोळी ते निपाणी हा पट्टा मिसळीचा आहे, संकेश्वरला मिसळ आणि इडली एकाच पाटीवर येतात, आणि हत्तरगी, यमकनमर्डी ओलांडून काकतीला पोहोचेपर्यंत सांबाराने बाजी मारलेली असते.

हिंडलगा नाका

काकतीच्या पुढे बेळगावातही मिसळ मिळते आणि ती उत्तम मिळते. तुमची रेषा महामार्गावरच्या हॉटेलांची आहे, गल्लीतल्या हॉटेलांची नाही.

जांबोटी रस्ता

निपाणीकरांनी फक्त उत्तर दिशा पाहिली आहे. बेळगावातून चोर्ल्याच्या घाटाकडे या, म्हणजे तिसरीच चव लागेल. खानापूर तालुक्यात पुरीबरोबर पातळभाजी मिळते आणि तिच्यात वाटाण्याबरोबर खोबऱ्याचे वाटण असते. ती ना कोल्हापूरची, ना धारवाडची. पावसाळ्यात आमच्याकडे गोव्याच्या गाड्या थांबतात, बाहेर धुवाधार पाऊस असतो आणि चुलीजवळच्या बाकासाठी लोक उभे राहून वाट पाहतात. माझी परीक्षा म्हणून पातळभाजीची. वाटण कच्चे असेल तर तीन घासांनंतर घसा सांगतो.

धारवाडहून

मी मूळचा बेळगावचा, लग्नानंतर धारवाडला स्थायिक झालो. एक गोष्ट नम्रपणे मांडतो. तुम्ही सगळे नाश्त्यावरच थांबला आहात. आपल्या भागात गल्लीतले खरे जेवण खानावळीत मिळते, आणि कन्नडमध्येही तिला खानावळीच म्हणतात. तिथे मागवायला काही नसतेच. ताट येते. त्यात ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याचे एण्णेगायी, एखादी मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कच्चा कांदा असतो.

तिथली परीक्षा भाकरीची. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळावे लागते. पीठ जुने झाले असेल तर थापतानाच कडा चिरतात. ताजे पीठ, पुरेसे मळणे आणि नेमकी आच या तीनही गोष्टी जमल्या तरच भाकरी फुगते. खानावळीत बसल्यावर मी आधी कान देतो. भाकरी थापल्याचा आवाज आतून येत असेल तर मागवतो, आणि आवाज नसेल तर भाकरी सकाळीच करून डब्यात ठेवलेली आहे असे समजून भात घेतो. कडक भाकरी मात्र वेगळी, कारण ती मुद्दाम वाळवलेली असते आणि तिची चव न्यारीच.

कॉलेज रोड

आपल्या सर्वांपेक्षा मी वयाने पुष्कळ लहान आहे, तरी लिहितो. आमच्या पिढीला हॉटेलात फक्त खायला जायचे नसते. मी बाहेरगावाहून इथे शिकायला आलो आहे, खोलीत तीन जण राहतो, तिथे टेबल नाही. टिळकवाडीतल्या एका नव्या कॅफेत कॉफी घेऊन मी दोन तास अभ्यास करतो. कॉफीची किंमत गल्लीतल्या चहाच्या कित्येक पटींनी जास्त आहे हे मला कळते, पण त्या पैशांत मला खुर्ची, प्रकाश आणि विजेचा प्लग मिळतो. जुन्या हॉटेलात पदार्थ संपल्याबरोबर कोणीतरी ताटली उचलते आणि फडके फिरवते, म्हणजे उठा असा अर्थ असतो. त्यामुळे नव्या जागी मी पहिल्यांदा काय मागवतो यापेक्षा, मागवल्यावर किती वेळ बसू देतात हे पाहतो.

वडगाव, गल्ल्यामागून

मी वडगावात छोटे हॉटेल चालवतो. सहा टेबले आहेत. हा धागा तीन दिवस वाचतो आहे. आता गल्ल्याच्या या बाजूचेही थोडे लिहावे असे वाटते.

कॉलेज रोड यांनी फडक्याबद्दल लिहिले ते खरे आहे, आणि त्यांना वाईट वाटले असेल तर मी सगळ्यांच्या वतीने क्षमा मागतो. पण सकाळी सात ते दहा एवढाच आमचा धंदा असतो. त्या तीन तासांत एका खुर्चीवर सहा-सात माणसे बसून गेली, तरच संध्याकाळी हिशेब जुळतो. दुपारी तीन वाजता या आणि हवे तितके बसा. त्या वेळी माझी सहाही टेबले रिकामी असतात आणि कोणी पुस्तक उघडून बसले तर मला बरेच वाटते.

आमच्या भागात यंत्रमाग आहेत. पूर्वी रात्रपाळी सुटली की पहाटेच कामगार यायचे, आणि त्यांच्यासाठी मी चार वाजता उठायचो. आता माग कमी झाले, तरी सवयीने मी चारलाच उठतो. पीठ पाहणे हे माझे पहिले काम असते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी पडली की डोशाचे पीठ रात्रभरात फुगत नाही. मग ते चुलीच्या उबेला ठेवावे लागते किंवा आदल्या दिवशी दुपारीच वाटावे लागते. उन्हाळ्यात उलट होते, पहाटेपर्यंत ते आंबट होऊन जाते. गिऱ्हाइकाला वाटते की काल डोसा चांगला होता आणि आज आचारी बदलला. आचारी मीच आहे, बदलली ती हवा.

19 किलोचा व्यापारी सिलिंडर, दूध, तेल आणि उडीद डाळ यांचे भाव आमच्या हातात नाहीत. प्लेटमागे पाच रुपये वाढवले तर रोजची दोन माणसे महिनाभर येत नाहीत आणि मग गुपचूप परत येतात. मला त्यांचा राग येत नाही, त्यांचाही पगार तेवढाच असतो.

आता मूळ प्रश्न. नव्या हॉटेलात काय मागवावे? माझे म्हणणे असे की काहीच मागवू नये, आधी विचारावे. गल्ल्यावरच्या माणसाला किंवा वाढणाऱ्याला सरळ विचारा, 'आता ताजे काय उतरले आहे?' खऱ्या हॉटेलवाल्याला हा प्रश्न फार आवडतो. तो तुम्हाला कधीही पातेल्याच्या तळातले देणार नाही. आणि 'सगळे ताजे आहे' असे उत्तर आले, तर चहा पिऊन उठावे.

हिंडलगा नाका

दादा, हे वाचून मी माझे उत्तर मागे घेतो.

कॅम्पातील शेजारीण

तुमच्या हॉटेलात बायका कुठे बसतात?

वडगाव, गल्ल्यामागून

ताई, जिथे जागा असेल तिथे. आतली खोली मी आठ वर्षांपूर्वी काढून टाकली आणि तिथे भांडी धुण्याची जागा केली. सकाळी शाळेत मुलांना सोडून परतताना चौघी-पाच जणी रोज दाराजवळच्या टेबलावर बसतात. दोन चहा 'बाय-टू' (एकाचे दोन) करून घेतात आणि माझ्या सूनबाईला चटणीत मीठ कमी-जास्त झाले तर तोंडावर सांगतात.

रविवार पेठ

नावे का द्यायची नाहीत ते शहापूरकरांनी अजून सांगितलेले नाही. नाव नसेल तर बाहेरगावच्या माणसाला या धाग्याचा काय उपयोग? आणि ज्या हॉटेलवाल्याने प्रामाणिकपणे धंदा केला त्याचे चार ठिकाणी नाव झाले तर त्यात वाईट काय आहे?

शहापूरकर

कारण सांगतो. आमच्या भागात एक आजीबाई सकाळी फक्त इडली आणि शेंगाचटणी विकायच्या. लोक त्यांना अक्का म्हणत. रोज ठरावीक पीठ, ठरावीक गिऱ्हाईक, आणि नऊ वाजता दार बंद. कोणीतरी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ टाकला. महिनाभर झुंबड उडाली, लांबून गाड्या आल्या, रोजच्या माणसांना इडली मिळेना. वाढती मागणी पुरी करण्यासाठी त्यांनी दुप्पट पीठ वाटायला सुरुवात केली आणि पाठ धरली. त्यानंतर गर्दी दुसरीकडे गेली. अक्कांनी दुकान पुन्हा पूर्वीसारखे चालू केले, पण रोजच्यांपैकी निम्मे तोवर दुसऱ्या ठिकाणी जाऊ लागले होते. रविवार पेठ, तुमचे म्हणणे मला अमान्य नाही. मोठ्या हॉटेलांना प्रसिद्धी सोसते. सहा टेबलांच्या जागेला ती सोसेल की नाही हे मालकाला विचारल्याशिवाय मी ठरवू इच्छित नाही.

रविवार पेठ

विचारून नाव द्यावे, हे मला पटले. पण मग विचारायला हवे. न विचारता गप्प बसणे म्हणजेही आपणच त्यांच्या वतीने निर्णय घेणे झाले.

शहापूरकर

हे माझ्या लक्षात आले नव्हते. मान्य.

तळणीचे तेल

अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात काम केलेले असल्यामुळे एक सूचना करतो. नाश्त्याला मिरची भजी किंवा वडा घेणार असाल तर कढईकडे एक नजर टाकावी. तेल पुनःपुन्हा तापवले की त्यातली ध्रुवीय संयुगे (तेल बिघडल्याने तयार होणारे घटक) वाढतात, आणि 1 जुलै 2018 पासून ती 25 टक्क्यांपेक्षा जास्त असलेले तेल वापरण्यास देशभर मनाई आहे. आपल्याजवळ ते मोजण्याचे साधन नसते, पण तेल काळपट आणि घट्टसर झाले असेल, कडेने फेस धरत असेल आणि नेहमीपेक्षा लवकर धूर सोडत असेल, तर भजी घेऊ नये. अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा, तोही पाहावा.

निपाणीचा वाटसरू

भजी सोडणे कठीण आहे, पण कढई पाहीन.

अनगोळची सून

मला भाषेबद्दल विचारायचे आहे. मी कोकणातून लग्न होऊन इथे आले आणि पहिले वर्षभर हॉटेलात बोलायलाच घाबरत असे. मराठीत मागवावे की कन्नडमध्ये? पाटीवरून काही समजत नाही, कारण 2024 मध्ये कर्नाटकाच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून दुकानाच्या पाटीचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो, मालक कोणीही असला तरी.

धारवाडहून

ताई, आत गेल्यावर कान उघडे ठेवा. माझा अनुभव असा आहे की आचारी कारवारकडचा किंवा उडुपीकडचा असतो, मालक मराठी असतो, वाढणारा मुलगा गोकाकचा असतो आणि तिघे मिळून जे बोलतात ते आपले बेळगावचेच असते. 'एक उप्पीट, एक बाय-टू' या वाक्यात मराठी किती, कन्नड किती आणि इंग्रजी किती हे मोजत बसायला कोणाला वेळ नसतो. तणावाचे दिवस येतात, बस बंद होतात, दारे अर्धी ओढली जातात, आणि ते दिवस आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाकावर दोन्ही भाषांतली वर्तमानपत्रे पुन्हा पडलेली असतात. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत मागवा, फक्त वाढणाऱ्याला 'अण्णा' म्हणा.

जांबोटी रस्ता

डिसेंबरमध्ये सुवर्णसौधात, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनात, अधिवेशन असते तेव्हा बंदोबस्ताला राज्यभरातून पोलीस येतात. त्या दिवसांत शहरातल्या हॉटेलांत म्हैसूरकडची आणि कलबुर्गीकडची कन्नडही ऐकायला मिळते. आमच्या एका नातेवाइकांच्या हॉटेलात मंड्याकडचा एक हवालदार नाचणीचे मुद्दे (शिजवलेल्या पिठाचे गोळे) मिळतील का म्हणून रोज विचारायचा. शेवटच्या दिवशी त्यांनी घरी करून त्याला वाढले.

कुंदाप्रेमी

इतके प्रतिसाद झाले आणि आपल्या दुधाच्या मिठाईचा, कुंद्याचा उल्लेख नाही, मांड्याचा तर नाहीच! बेळगावात येऊन कुंदा न खाता जाणाऱ्या माणसाला मी पाहुणा मानत नाही.

शहापूरकर

कुंदा आणि मांडे यांच्यासाठी स्वतंत्र धागा हवा. दोन्ही आपण विकत घेऊन घरी नेतो, हॉटेलात बसून खात नाही. इथे बाकावर बसून खाण्याच्या पदार्थांपुरतेच राहू या.

शहापूरकर (पंधरा दिवसांनी)

दोन रविवार झाले, म्हणून वृत्तांत लिहितो.

पहिल्या रविवारी वडगावातल्या आमच्या सदस्यांचे हॉटेल शोधून काढले. सहा टेबले, दाराजवळच्या टेबलावर चौघी जणी आणि गल्ल्यामागे लोकरी टोपी घातलेले ते स्वतः. मी ओळख दिली नाही. ठरल्याप्रमाणे विचारले, 'आता ताजे काय उतरले आहे?' त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, 'उप्पीट पाच मिनिटांत उतरेल, थांबणार का? इडली आहे, पण अर्ध्या तासापूर्वीची आहे.' मी थांबलो. रवा मोकळा, डाळ तांबूस, वर ओले खोबरे आणि लिंबाची फोड. पैसे देताना त्यांनी विचारले, 'शहापूरकर ना?' मग आम्ही अर्धा तास बोललो. नाव द्यायचे का, हेही विचारले. ते म्हणाले की सूनबाई बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे, ती परत येईपर्यंत नको, वाढलेली गर्दी एकट्याला झेपणार नाही.

दुसऱ्या रविवारी रामदेव गल्लीच्या परिसरात गेलो आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर आले, 'सगळे ताजे आहे.' मी चहा पिऊन उठलो. त्याच दारातून बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ आत शिरत होते. त्यांना न विचारताच पोऱ्याने पुरीभाजी आणून ठेवली, आणि त्या पुऱ्या टम्म फुगलेल्या होत्या. म्हणजे तिथे ताजे काहीतरी होते, पण ते मला सांगावे असे त्यांना वाटले नाही. वडगावच्या दादांनी यावर काही सांगावे, अशी विनंती आहे.

वडगाव, गल्ल्यामागून

रोजचे गिऱ्हाईक येण्याची वेळ ठरलेली असते. ते कोपऱ्यावर दिसले की आम्ही पुरी तेलात सोडतो. तुम्ही तिथे तीन-चार वेळा जा, मग तुमचीही सोडतील. एका भेटीत हॉटेल ओळखता येते असे मी पूर्वी लिहिले नसले तरी माझ्या लिहिण्याचा तसा अर्थ झाला, तो मी दुरुस्त करतो.

शहापूरकर

मग दर रविवारी नवे हॉटेल हा नेम मोडावा लागेल. महिन्यातले दोन रविवार नव्या जागी आणि दोन रविवार जुन्या जागी, असे करतो. येत्या रविवारी अनगोळ आहे.

अनगोळची सून

अनगोळात मारुती मंदिराच्या मागच्या बाजूला एक हॉटेल आहे. मी तिथे दोन वर्षे फक्त पार्सल नेते, कधी बसलेले नाही. तुम्ही किती वाजता येणार आहात?

शहापूरकर

साडेसातला. माझ्याबरोबर माझी पत्नीही असेल, तीही अशा हॉटेलात पहिल्यांदाच बसणार आहे.

कॅम्पातील शेजारीण

मीही येते. बाहेरच्या बाकावर जागा धरून ठेवा.